ऑनलाइन वर्गातील शांतता : 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या अध्यापनाच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

२०२०-२१ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्रातील पदवी महाविद्यालयांचे अध्यापन प्रामुख्याने ऑनलाइन पद्धतीने झाले. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि वर्ग ओस पडले. ते नियमितपणे पुन्हा भरू लागण्यासाठी ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला. या काळातील अध्यापनाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बरेचसे लेखन दोन प्रकारचे आहे. एका प्रकारात साधनांची मोजदाद आहे : किती विद्यार्थ्यांकडे मोबाइल होते, किती तासिका झाल्या, किती ध्वनिचित्रफिती तयार झाल्या. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष वर्गाविषयीची हळहळ आहे. एखादी विशिष्ट साहित्यकृती ऑनलाइन शिकविताना नेमके काय घडले, काय साधले आणि काय निसटले, याची चिकित्सा मात्र त्या मानाने कमी झाली आहे.

प्रस्तुत लेखात अशी चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात बी. ए. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक ऑनलाइन शिकविताना आलेला अनुभव हा या लेखाचा आधार आहे. एका वर्गाच्या अनुभवावरून व्यापक सिद्धान्त मांडता येत नाही, याची जाणीव आहे. तथापि, हे नाटक शिकविताना अध्यापनाच्या एका सवयीकडे प्रथमच लक्ष गेले. ती सवय म्हणजे विद्यार्थ्याच्या मौनाचा अर्थ शिक्षकाने आपल्या सोयीने लावणे. ऑनलाइन वर्गाने ही सवय निर्माण केली नाही, उघडी पाडली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. नाटकातील न्यायालय

१९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आणले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपटही केला. मराठीच्या अध्यापकांना नाटकाचे कथानक परिचित आहे. म्हणून येथे विवेचनास आवश्यक तेवढाच भाग घेतला आहे.

एक हौशी नाट्यसंस्था अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका गावी येते. मुख्य प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला भरावयाचा आहे. प्रयोगाला अवकाश आहे, गावातील सामंतला हा प्रकार समजावून द्यावयाचा आहे, म्हणून गंमत म्हणून एक तालीम खटला उभा राहतो. आरोपी ठरते शिक्षिका लीला बेणारे आणि आरोप असतो भ्रूणहत्येचा. पाहता पाहता गंमत विरते. साक्षीदारांच्या साक्षीतून बेणारेचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येते. प्राध्यापक दामले यांच्यापासून तिला दिवस गेलेले आहेत. ते विवाहित आहेत आणि त्या दिवशी आलेलेच नाहीत. बेणारे निघून जाऊ पाहते, तेव्हा दार उघडत नाही. शेवटी न्यायाधीश झालेला काशीकर तिला स्वतःच्या बचावाचे निवेदन करण्यासाठी दहा सेकंद देतो.

त्यानंतर बेणारेचे प्रसिद्ध दीर्घ स्वगत येते. प्रेक्षक ते ऐकतात. रंगमंचावरील इतर पात्रे मात्र जागच्या जागी गोठलेली असतात. स्वगत संपताच काशीकर वेळ संपल्याचे आणि आरोपीला काहीही सांगावयाचे नसल्याचे जाहीर करतो. यानंतर निकाल दिला जातो. ज्या न्यायालयाने तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तेच तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते.

शीर्षकातील 'शांतता' या शब्दाचा विचार करताना सामान्यतः न्यायालयाच्या पुकाऱ्यातील उपरोधाकडे लक्ष वेधले जाते. आमच्या वर्गाच्या संदर्भात अधिक महत्त्वाची वाटली ती दहा सेकंदांनंतरची नोंद. बेणारे बोललेली आहे; न्यायालयाच्या दप्तरी मात्र ती बोलली नाही असे नोंदले जाते. या नाटकातील शांतता ही बोलणाऱ्याच्या ठिकाणी नसून ऐकणाऱ्याच्या ठिकाणी आहे.

३. वर्गातील दहा सेकंद

पहिल्या आठवड्यात नेहमीच्या वर्गातील तासिकाच जशीच्या तशी पडद्यावर नेली गेली. तेंडुलकरांचे नाट्यलेखन, नाटकाची पार्श्वभूमी, कथानक, व्यक्तिरेखा या क्रमाने सलग व्याख्यान झाले. पडद्यावर नावांची आद्याक्षरे होती, चेहरे नव्हते. व्याख्यानाच्या शेवटी "काही शंका आहेत का?" असे विचारले जाई. थोडा वेळ कोणीच बोलत नसे. "शंका नाहीत, तर पुढे जाऊ" असे म्हणून तासिका संपे. उपस्थितीची यादी संगणक आपोआप तयार करीत असे.

तिसऱ्या अंकाच्या अध्यापनाच्या वेळी काशीकरचे ते वाक्य समजावून सांगितले आणि सवयीप्रमाणे विद्यार्थ्यांना शंका विचारल्या. कोणी बोलले नाही. पुढे जाण्याचे शब्द तोंडातून निघता निघता लक्षात आले की, आपणही नुकतेच तेच केले आहे. अत्यंत अपुरा अवधी द्यावयाचा, माध्यमाने घातलेल्या अडचणींचा विचार करावयाचा नाही आणि उत्तर आले नाही म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, असे नोंदवून मोकळे व्हावयाचे, ही काशीकरची पद्धत होती आणि आमच्या तासिकेची पद्धतही तीच होती.

येथे शिक्षकाची तुलना काशीकरशी करण्यात अतिशयोक्ती आहे, असा आक्षेप घेता येईल. हेतूंच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्याच्या हाती जे पडते ते शिक्षकाचा हेतू नसून त्याची नोंद असते. त्या नोंदीवर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अवलंबून होते, म्हणून हा प्रश्न केवळ रूपकाचा राहत नाही.

४. मौनाची कारणे

त्यानंतर विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवरून एकेकट्याने बोलण्याचा क्रम सुरू केला. त्यातून मौनाची जी कारणे समोर आली, ती एकाच प्रकारची नव्हती.

पहिले कारण साधनांचे होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार ग्रामीण भारतातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे आंतरजालाची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. संगणक तर ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्क्यांकडे होता. पुढील दोन-तीन वर्षांत मोबाइलचा प्रसार वाढला, हे खरे. परंतु अशा सर्वेक्षणात कुटुंब हे एकक असते आणि वर्गात विद्यार्थी हे एकक असते. घरात एक मोबाइल आहे आणि शिकणारी भावंडे तीन आहेत, अशा घरातील मुलीच्या वाट्याला तो बहुधा शेवटी येतो.

दुसरे कारण अधिक नाजूक होते आणि ते या नाटकाशीच निगडित होते. अविवाहित स्त्रीचे गर्भारपण, तिचे विवाहित पुरुषाशी असलेले संबंध, गर्भपात हे विषय दोन खोल्यांच्या घरात, वडील आणि भाऊ शेजारी बसलेले असताना, मुलीने मोबाइलवर मोठ्याने कसे बोलावेत? त्यातून शिकविणारा शिक्षक पुरुष. महाविद्यालयाचा वर्ग ही अनेक मुलींसाठी घराबाहेरची, घरच्यांच्या कानांपलीकडची एकमेव जागा असते. हे आपण गृहीत धरलेले होते, म्हणून आपल्याला ते कधी दिसले नव्हते. ऑनलाइन वर्ग विद्यार्थिनीच्या घरात पोहोचला असे आपण अभिमानाने म्हणतो. याच घटनेची दुसरी बाजू अशी की, तिचे घरही वर्गात येऊन बसले.

तिसरे कारण ध्वनिमुद्रणाचे होते. तासिका मुद्रित होत आहे, ती कोणीही पुन्हा ऐकू शकेल, हे ठाऊक असल्याने आपल्या बोलीत, चुकतमाकत बोलणे विद्यार्थी टाळत होते. चौथे कारण सर्वांत साधे होते : अनेकांच्या हाती पुस्तकच नव्हते. ग्रंथालय बंद होते आणि मार्गदर्शकांतील कथासार वाचून नाटकाविषयी शंका निर्माण होणे शक्य नव्हते.

५. बदललेली पद्धत

ही कारणे लक्षात आल्यावर अध्यापनात काही बदल केले. त्यांपैकी जे उपयोगी ठरले ते पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) आधी संहिता, मग विवेचन. ग्रंथालयातील प्रती गावनिहाय गटांमध्ये फिरत्या ठेवल्या. एक प्रत एका गावात चार दिवस राहील, असे वेळापत्रक केले. हे काम कोणत्याही तांत्रिक सुविधेपेक्षा अधिक फलदायी ठरले. ऑनलाइन अध्यापनातील पहिली गरज छापील पुस्तकाची आहे, हे थोडे विचित्र वाटले तरी अनुभवाला आले.

(आ) सलग व्याख्यानाऐवजी लहान ध्वनिफिती. बारा-पंधरा मिनिटांचे केवळ आवाजातील विवेचन व्हॉट्सॲपवर पाठविले. चित्रफितीच्या तुलनेत ध्वनिफितीला डेटा फारच कमी लागतो, ती रात्री केव्हाही ऐकता येते आणि कानात इअरफोन घालून ऐकल्यास घरातील इतरांपर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक फितीच्या शेवटी एकच प्रश्न ठेवला.

(इ) प्रत्येकाचे उत्तर फक्त शिक्षकाकडे. उत्तर सर्वांसमोर न मागता खाजगी संदेशाने मागितले आणि त्यासाठी दोन दिवस दिले. आलेल्या उत्तरांतील निवडक मते नावे वगळून पुढील तासिकेत वाचून दाखविली. ज्या विद्यार्थिनींनी पडद्यावर एकदाही तोंड उघडले नव्हते, त्यांनी बेणारेच्या संदर्भात कमालीचे स्पष्ट लिहिले. काशीकरबाईंसारखी स्त्री बेणारेच्या विरोधात का उभी राहते, या प्रश्नावर आलेली काही उत्तरे आमच्या मार्गदर्शक पुस्तकांतील विवेचनापेक्षा निश्चितच सरस होती.

(ई) चर्चेचे मुद्रण नाही. व्याख्यान मुद्रित केले, चर्चा केली नाही. तसे आरंभीच जाहीर केल्यावर बोलणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढली.

६. जे साधले नाही

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. विद्यार्थ्यांनी पात्रे वाटून घेऊन आपापल्या घरून संवादांचे वाचन मुद्रित करावे, ते जोडून एक श्राव्य प्रयोग तयार करावा, असा उपक्रम हाती घेतला. प्रत्येकाचे वाचन स्वतंत्रपणे चांगले होते. परंतु जोडल्यानंतर खटला उभा राहिला नाही. या नाटकातील क्रौर्य एकेका वाक्यात नसते. एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याने हसणे, तिसऱ्याने त्याला दुजोरा देणे, सुखात्मेने तो धागा पकडून पुढे नेणे, या सामूहिक लयीत ते असते. झुंडीला परस्परांची चाहूल लागते, म्हणून ती झुंड होते. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वेळी मुद्रित झालेल्या आवाजांना ती चाहूल नव्हती.

याउलट बेणारेचे स्वगत मात्र ध्वनिफितीतून विलक्षण परिणामकारक झाले. ते मुळातच कोणी न ऐकणाऱ्यांच्या समोरचे भाषण आहे. एकट्या खोलीत मोबाइलसमोर बोलणाऱ्या विद्यार्थिनीची स्थिती त्याहून फार वेगळी नव्हती. यावरून एक गोष्ट लक्षात येते : ऑनलाइन माध्यम चांगले की वाईट, हा प्रश्न सरसकट विचारता येत नाही. साहित्यकृतीचा कोणता घटक कोणत्या माध्यमात टिकतो, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. स्वगत टिकले, खटला टिकला नाही. म्हणून खटल्याचा भाग प्रत्यक्ष वर्गासाठी राखून ठेवणे हाच योग्य निर्णय ठरला असता.

७. मूल्यमापनाचा प्रश्न

सर्वांत कठीण प्रश्न मूल्यमापनाचा होता. २०२० च्या परीक्षांच्या वेळी अनेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांचा मार्ग स्वीकारला. आपत्तीच्या काळात तो अपरिहार्य होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु बेणारेचा व्यवसाय कोणता, न्यायाधीशाची भूमिका कोण करतो, अशा प्रश्नांना चार पर्याय देता येतात. दामले रंगमंचावर का येत नाहीत, या प्रश्नाला चार पर्याय देता येत नाहीत. जो प्रश्न पर्यायांत बसत नाही, तो हळूहळू अध्यापनातूनही गळतो, हा या पद्धतीचा दूरगामी परिणाम आहे.

अंतर्गत मूल्यमापनात आमची स्वतःची चूक झाली आणि तिचा उल्लेख येथे करणे आवश्यक वाटते. सहभागाचे गुण देताना सुरुवातीच्या आठवड्यांतील संगणकीय उपस्थितीचा आधार घेतला गेला. एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर जवळपास कधीच उपस्थित नव्हती. तिला त्या सदराखाली अगदी कमी गुण पडले. ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली होती. कारखान्याच्या परिसरातील कोपीत राहून, दिवसभराच्या कामानंतर, जवळच्या दुकानात मोबाइल चार्ज करून ती रात्री ध्वनिफिती ऐकत होती. दामलेंविषयीच्या प्रश्नाचे तिचे उत्तर गुण भरून झाल्यावर आले. दुरुस्तीची मुदत संपलेली होती. तिच्या उत्तराचा आशय असा होता की, खटला हजर असलेल्या बाईवर चालतो. दामले आले नाहीत म्हणून त्यांचे काही बिघडत नाही. गैरहजर राहण्याची सोय मोठ्या माणसालाच असते.

हे उत्तर वर्गातील सर्वोत्तम उत्तर होते. गैरहजर राहण्याची सोय तिला नव्हती. गैरहजेरीबद्दल गुण मात्र तिचेच कापले गेले होते. पुढील वर्षापासून उपस्थितीचा आणि सहभागाच्या गुणांचा संबंध आम्ही तोडला. त्या विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवरील आकडा अर्थातच बदललेला नाही.

८. अंतर म्हणजे काय?

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी शिक्षणातील अंतराची एक वेगळी संकल्पना मांडली आहे. त्यांच्या मते हे अंतर भौगोलिक नसते. संवाद, अभ्यासक्रमाची रचना आणि विद्यार्थ्याची स्वायत्तता या तीन घटकांवर ते अवलंबून असते. संवाद कमी आणि रचना ताठर असेल तर अंतर वाढते. या दृष्टीने पाहता आमच्या पहिल्या आठवड्यातील तासिकेत सर्वजण एकाच वेळी उपस्थित असूनही अंतर मोठे होते. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कोपीतून आलेल्या उत्तरात ते सर्वांत कमी होते.

दुसरी एक दक्षता घेतली पाहिजे. चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच आपत्कालीन दूरस्थ अध्यापन आणि नियोजनपूर्वक केलेले ऑनलाइन अध्यापन यांत भेद केला होता. आपल्याकडे या काळात झाले ते बहुतांशी पहिल्या प्रकारचे होते. त्यामुळे त्याच्या अपयशावरून दुसऱ्या प्रकाराला दोष देणे जसे चूक, तसेच ते कसेबसे निभावले म्हणून दुसरा प्रकार आपल्याला साधला आहे, असे मानणेही चूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ मधील विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने संमिश्र अध्यापनाविषयीची संकल्पना-टिपणी प्रसृत केली. म्हणजे महासाथ ओसरली तरी हा विषय संपलेला नाही. अशा तरतुदी अमलात आणताना कोणता भाग ऑनलाइन ठेवावा याचा निर्णय टक्केवारीने न होता विषयाच्या स्वरूपानुसार व्हावा, एवढी अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये.

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. त्यामुळे घरून लिहून आणलेल्या उत्तरावर पूर्णतः विसंबणे आता शक्य नाही. लेखी उत्तरानंतर त्याच उत्तरावर पाच मिनिटांचे प्रत्यक्ष अथवा दूरध्वनीवरील बोलणे, हा उपाय आम्ही अवलंबिला आहे. त्यात शिक्षकाचा वेळ फार जातो. मात्र विद्यार्थ्याने नाटक वाचले आहे की नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत कळते.

९. समारोप

वर्ग पुन्हा भरल्यानंतर हेच नाटक फळ्यासमोर उभे राहून शिकविण्याचा योग आला. विद्यार्थी समोर होते, खटल्याचे वाचन रंगले, हशा पिकला आणि तो योग्य जागी थांबलाही. तासिकेच्या शेवटी शंका विचारल्या. कोणीच बोलले नाही. पूर्वी या मौनाला मान डोलावणाऱ्या चेहऱ्यांची जोड असे आणि तेच आकलन समजून आपण समाधानाने वर्गाबाहेर पडत असू. ऑनलाइन वर्गाने चेहरे काढून घेतले, तेव्हा उरलेले मौन ऐकू आले. ते आधीही होतेच.

म्हणून आता प्रत्यक्ष वर्गातही प्रत्येक अंकानंतर कागदाचा एक कपटा वाटला जातो. त्यावर नाव लिहिण्याची सक्ती नसते आणि तो दुसऱ्या दिवशी दिला तरी चालतो. ऑनलाइन अध्यापनाच्या दीड वर्षातून आमच्या वर्गात टिकून राहिलेली ही एकच प्रथा आहे आणि तिला संगणक लागत नाही. साठेक विद्यार्थ्यांचे कपटे वाचावयास एक संध्याकाळ पुरत नाही, हे खरे. परंतु काशीकरने दिलेल्या दहा सेकंदांहून अधिक वेळ विद्यार्थ्याला द्यावयाचा, तर तो शिक्षकाच्याच वेळेतून द्यावा लागतो. सहकारी अध्यापकांनी आपापल्या विषयात हा प्रयोग करून पाहावा आणि त्यातील उणिवा दाखवून द्याव्यात, अशी विनंती करून हे विवेचन येथे थांबवितो.